काका दारापलीकडे, काकू अलीकडे

पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनात मेट्रोच्या दारांपाशी एक काका पलीकडे पोचले होते आणि काकू अलीकडे अडकल्या होत्या. मधे तीन दांड्यांचा फिरता अडसर, त्याच्यामागे वर-खाली घासलेली उंच झडप, आणि त्या दोघांच्या मधोमध, अर्धी आत अर्धी बाहेर अशी कलंडलेली निळी बॅग. काकांनी वरून हात लांब करून कार्ड परत दिलं, काकूंनी ते त्या जांभळ्या ठिपक्यावर टेकवलं, लाल दिवा लागला आणि कर्कश आवाज झाला. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागून येणारी माणसं जराही न थबकता शेजारच्या दारांकडे वळत होती. तापलेल्या ब्रेकचा करपट वास, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या लोण्याचा गोडूस वास, वर लाउडस्पीकरवर खिसेकापूंपासून सावध राहण्याची सूचना एकामागून एक भाषांत चाललेली. त्या सगळ्या गलक्यात मला स्पष्ट ऐकू आलं, "अहो, उघडत नाहीये हे!"

परक्या देशात अचानक मराठी कानावर पडलं की माणूस आधी हसतो. मीही हसतच पुढे झाले. तेवढ्यात कानात हेडफोन घातलेला एक विशीतला मुलगा काकूंच्या मागे आला, त्याने आपलं कार्ड टेकवलं, झडप उघडली आणि ती एका हाताने धरून ठेवून त्याने काकूंना खूण केली, चला माझ्याबरोबर. अगदी मनापासून. काकूंनी पाऊल उचललंही होतं. मी ओरडले, "काकू, थांबा, जाऊ नका!" त्या दचकून वळल्या. मुलगा खांदे उडवून निघून गेला, झडप बंद झाली. त्या वळणापलीकडे अनेकदा तपासनीसांचा घोळका उभा असतो, आणि दुसऱ्याच्या तिकिटावर मागोमाग शिरलेल्या माणसाला दंड होतो, मग त्याचे केस पांढरे असोत की काळे. हे मला लेकीमुळे ठाऊक होतं. ती तिथे शिकते. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, कुणी दार धरलं तरी जायचं नाही."

काका बाहेर पडायच्या दारातून फिरून आले. आम्ही तिघं यंत्रापाशी गेलो, कार्ड वाचायच्या खाचेत ठेवलं. पडद्यावर आलं, तिकीट शिल्लक नाही. त्या कार्डाचे काकांनी साठ युरो मोजले होते. दोघांना पाच दिवस, कुठेही, कितीही वेळा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात ते दोन युरोंना मिळणारं नाविगो ईझी कार्ड होतं आणि त्यावर अडीच युरोंचं एकच तिकीट भरलेलं होतं. ते काकांच्या एका प्रवेशात संपलं होतं.

घडलं होतं ते असं. दोघं लंडनहून युरोस्टार रेल्वेने आले होते. मुलगा लंडनला. तिथे महिनाभर त्यांनी मुलाने दिलेलं बँकेचं कार्ड थेट दारावर टेकवून भुयारी रेल्वेचा प्रवास केला होता. खिडकी नाही, रांग नाही, सुटे नाहीत. लंडनच्या बसमध्ये बँकेचं कार्ड 2012 पासून चालतं, भुयारी रेल्वेत 2014 पासून, आणि दिवसभरात कितीही फिरा, एका मर्यादेपलीकडे पैसे कापले जात नाहीत. त्यांना वाटलं, युरोप म्हणजे सगळीकडे असंच. पॅरिसच्या मेट्रोच्या दाराला बँकेचं कार्ड कळत नाही. काकांनी टेकवलं, काही झालं नाही. पुन्हा टेकवलं. आणि नेमका तेव्हा गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्रासारखं काहीतरी लटकवलेला एक माणूस शेजारी उभा राहिला. छान इंग्रजी बोलला, "नमस्ते" म्हणाला. बॅग उचलून यंत्रापर्यंत आणून दिली. भराभर बटणं दाबून पडद्यावर पासाची किंमत दाखवली. भारतीय कार्ड हे यंत्र घेत नाही, मी माझ्या कार्डाने भरतो, तुम्ही मला रोख द्या, असं म्हणाला. पडद्यावरची किंमत कुठल्यातरी खऱ्या पासाचीच असेल. फक्त पैसे भरायच्या आधी त्याने तो व्यवहार रद्द करून एक सुटं तिकीट घेतलं असणार. दारापर्यंत सोडायला आला, काकांसाठी हिरवा दिवा लागलेला पाहिला, हात हलवला आणि गर्दीत मिसळला.

काका बराच वेळ कार्डाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही कुणाला सांगू नका हं. आणि अगं, मुलाला फोनवर काही बोलू नकोस. उगाच तो काळजी करेल." साठ युरोंपेक्षा त्यांना हे जास्त लागलं होतं. चाळीस वर्षं नोकरी केलेला, घरातले सगळे कागद ज्याच्या हातात, मुलांच्या फिया, बँका, आयकर ज्याने सांभाळले, असा माणूस. त्याला मुलासमोर फसलेला म्हणून उभं राहायचं नव्हतं. काकू मात्र गप्प बसल्या नाहीत. त्या रागावलेल्या होत्या, पण त्या माणसावर कमी आणि एकूणच व्यवस्थेवर जास्त. मला म्हणाल्या, "बॅग उचलून देणारा चोर निघाला. दार धरणाऱ्या त्या बिचाऱ्या पोराबरोबर गेले असते तर दंड झाला असता. मग इथं विचारायचं तरी कुणाला?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. दादर स्टेशनात परवा एटीव्हीएमच्या, म्हणजे तिकीट काढायच्या यंत्राच्या, रांगेत उभी होते तेव्हा तर तो एकदम समोरच उभा राहिला. यंत्राशेजारी नेहमीचे मशीनवाले काका होते. "वसई रिटर्न", पन्नासाची नोट, त्यांनी आपलं कार्ड यंत्रावर ठेवलं, बोटं न बघता पडद्यावर फिरली, तिकीट आणि सुटे हातात. पुढचा. "ठाणे, दोन." पुढचा. ही माणसं रेल्वेनेच नेमलेली असतात, त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारी पुष्कळ, आणि विकलेल्या तिकिटांवर त्यांना थोडं कमिशन मिळतं. यंत्रापाशी उभा असलेला अनोळखी माणूस, त्याच्या हातात आपली रोख, त्याच्या कार्डातून आपलं तिकीट. मुंबईकर हे रोज करतो, आणि तिकीट बरोबर निघतं. गार द्यु नॉरमध्ये काकांनी याहून वेगळं काय केलं? जन्मभर जो व्यवहार सचोटीने पार पडत आला तोच त्यांनी तिथे केला. म्हणून अशी बातमी कळल्यावर घरातलं कुणी "एवढे शिकलेले, तरी फसले कसे" म्हणतं तेव्हा मला संताप येतो. ते भोळे नव्हते. त्यांची सवय चांगल्या अनुभवातून घडली होती, आणि तिचाच कुणीतरी फायदा घेतला होता.

पॅरिसमधला मशीनवाला कधीच अधिकृत नसतो, हा एवढाच फरक. तिथे स्टेशनातला कर्मचारी यंत्रापाशी मदतीला येतो, अगदी आपुलकीने येतो, पण तो तुमच्याकडून रोख घेऊन आपल्या कार्डाने तिकीट काढत नाही. पैसे यंत्रात जातात किंवा खिडकीवर. हा नियम कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत पहिल्या पानावर असायला हवा. पण पुस्तिका आपल्याला आयफेल टॉवरच्या पायऱ्या सांगते.

तिकिटांच्या इतिहासाबद्दल मी परतल्यावर बरंच वाचत बसले. न्यूयॉर्कच्या सबवेत 1953 पासून टोकन चालायची. पितळी, नाण्याएवढी. त्या काळात काही माणसं दाराच्या खाचेत कागद कोंबून ठेवायची, प्रवाशाचं टोकन आत अर्धवट अडकायचं, दार उघडायचं नाही, प्रवासी वैतागून दुसरीकडे गेला की ही माणसं खाचेला तोंड लावून ते टोकन शोषून बाहेर काढायची. त्या घाणेरड्या धातूला ओठ लावायचे, एका फेरीच्या भाड्यासाठी. वाचताना अंगावर काटा आला, आणि रागापेक्षा कणव जास्त वाटली. 1994 मध्ये चुंबकीय पट्टीचं मेट्रोकार्ड आलं, 2003 मध्ये टोकन बंद झाली. मग संपलेली कार्डं नेमक्या जागी दुमडून दाराला चकवणारे आले, कार्डयंत्रं मुद्दाम बिघडवून शेजारी उभे राहणारे आले. यंत्र चालत नाही ना, मी माझं कार्ड फिरवतो, तुम्ही मला दोन डॉलर द्या. पर्यटक देत. कारण यंत्र खरंच चालत नसे. 2025 संपताना मेट्रोकार्डाची विक्रीही थांबली आणि आता तिथे लंडनसारखं बँकेचं कार्ड किंवा फोन थेट टेकवायचा. जिथे प्रवासी आणि दार यांच्यामधे काहीच विकत घ्यायचं उरत नाही, तिथे या मधल्या माणसाला विकायलाही काही उरत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चोराला हाकलण्यापेक्षा त्याची जागाच काढून टाकणं.

पॅरिसमध्ये ती जागा अजून आहे, पण अरुंद होत चालली आहे. तिथली मेट्रो 1900 ची. किती पिढ्यांनी ती कागदी चिटोरी खिशात बाळगली, पुस्तकात खूण म्हणून ठेवली. पण वापरलेलं आणि न वापरलेलं तिकीट परक्या माणसाला सारखंच दिसायचं. वापरलेल्यावर फक्त एक फिकट छाप. जमिनीवर पडलेली तिकिटं गोळा करून दहाचा गठ्ठा म्हणून विकणारे होते ते त्यामुळेच.  मेट्रोचा दर एकच, पण उपनगरात जाणाऱ्या आरईआर गाडीचा अंतरानुसार वेगळा. 2024 च्या ऑलिंपिकमध्ये तर सव्वादोन युरोंच्या आतलं तिकीट थेट चार युरोंवर गेलं, म्हणजे आधी वाचून आलेल्या माणसाचंही वाचन फुकट. 1 जानेवारी 2025 पासून त्यांनी हे सगळं सोपं केलं. मेट्रो असो, आरईआर असो, साधं तिकीट त्या वर्षी अडीच युरो झालं. बस आणि ट्रामचं दोन. विमानतळाचं मात्र वेगळं, तेव्हा तेरा युरो, शार्ल द गोल असो की ऑर्ली. दर पुढे वाढत राहतील, पण आकडे एवढे थोडे असले की ते डोक्यात राहतात, आणि डोक्यात आकडा असलेल्या माणसाला साठ युरो सांगणं कठीण जातं.

विमानतळावरच्या तिकिटाचा खेळ तर याहून वाईट. तिथे रांग लांब, माणूस रात्रभराच्या विमानाने सुजलेल्या पायांवर उभा, आणि कुणीतरी येऊन पटकन तिकिटं हातात ठेवतं. ती खोटी नसतात. कधी लहान मुलांची, अर्ध्या दराची असतात, कधी विमानतळाला न चालणारी साधी. मुलाच्या तिकिटावर दार उघडतंही. म्हणजे फसवणूक झाल्याचं कळतं ते थेट तपासनिसासमोर, गाडीत, सगळ्यांच्या नजरा खिळलेल्या असताना. तिथे "आम्हाला विकलं गेलं" हे सांगून उपयोग होत नाही. तपासनीस हेतू बघत नाही, तिकीट बघतो. जागेवर भरला तर दंड थोडा कमी, नंतर भरला तर बराच वाढलेला. विकणारा तोवर पुढच्या रांगेत पोचलेला असतो. फसलेल्याने दोनदा पैसे भरायचे आणि वर अपराधी म्हणून मान खाली घालायची, यातला अन्याय मला गिळवत नाही. नियम असायला हवेत हे मला मान्य आहे. पण ज्या स्टेशनात दिवसभर ध्वनिक्षेपकावर चोरांची सूचना देता, तिथे त्यांनी विकलेलं तिकीट घेऊन आलेल्या म्हातारीला क्षणभर ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

काकूंच्या प्रश्नाने आणखी एक जुनी गोष्ट वर आणली. सीएसएमटीला, पाऊस कोसळत असताना, एक परदेशी बाई इंडिकेटरखाली उभी होती. फोनवरचा नकाशा आणि वरचे आकडे आळीपाळीने बघत होती, चेहरा रडवेला. मी जवळ जाऊन विचारलं, कुठे जायचंय, आणि नकाशा बघायला हात पुढे केला. तिने फोन छातीशी घट्ट धरला, बॅगेवर दुसरा हात ठेवला आणि काही न बोलता चार पावलं मागे सरकली. मला अपमान वाटला होता. माझ्या स्टेशनात, माझ्या शहरात, मला चोर समजते! घरी येऊन मी ते तावातावाने सांगितलंही होतं. आज वाटतं, तिलाही कुठेतरी कुणीतरी बॅग उचलून दिली असेल. तिला दोष द्यावासा वाटत नाही. पण तो डंख अजून पुरता गेलेला नाही. एक माणूस एका जोडप्याकडून साठ युरो घेतो, आणि त्याची किंमत पुढे कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी स्टेशनात खऱ्या मदतीला पुढे आलेला हात मोजतो.

मग विचारायचं कुणाला? गार द्यु नॉरमध्ये त्या दिवशी आम्ही शेवटी खिडकीवर गेलो. काचेमागच्या तरुणीने कार्ड वाचून बघितलं, साठ युरो परत मिळणार नाहीत हे हळू आवाजात सांगितलं आणि काकूंसाठी दुसरं कार्ड काढून दिलं. प्रत्येकाचं वेगळं कार्ड, हे तिने दोन बोटं वर करून दोनदा सांगितलं. एका नाविगो ईझीवर बरीच तिकिटं भरता येतात, पण एका प्रवासात ती एकाच माणसाची. नवराबायकोने ते दारावरून इकडून तिकडे द्यायचं नाही. हे आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्या लोकलच्या पासावर ओळखपत्राचा नंबर असतो, भावाचा पास घेऊन गेलं तर टीसी सोडत नाही. तिथल्या आठवड्याच्या पासालाही तसंच आहे. त्याच्यासाठी लागणाऱ्या नाविगो देकुव्हर्त कार्डाचे पाच युरो, वर आपला छोटासा फोटो चिकटवायचा, नाव लिहायचं. फोटो चिकटवायचा राहिला तर पैसे भरलेले असूनही दंड. आणि तो आठवडा सोमवार ते रविवार असाच मोजतात, तुम्ही उतरलात त्या दिवसापासून नाही. यंत्रापाशी येणारी माणसं यातलं काहीच सांगत नाहीत. त्यांचा पास बुधवारीही सुरू होतो आणि दोघांनाही चालतो.

अलीकडे तर ही माणसं स्टेशनात यायचेही कष्ट घेत नाहीत. फेसबुकवर जाहिरात येते, शहराच्या वाहतूक सेवेचं बोधचिन्ह, हिरवं-निळं चकचकीत कार्ड हातात धरलेल्या हसऱ्या बाईचा फोटो, सहा महिने मोफत प्रवास, फक्त दोन-तीन युरो भरा. युरोपातल्या कितीतरी शहरांच्या नावाने अशी पानं निघाली. प्रश्नावली भरायची, तीन डब्यांतून एक निवडायचा, अभिनंदन, मग बँकेच्या कार्डाचा नंबर. दोन युरो गेले म्हणून कुणी तक्रार करत नाही, आणि दर महिन्याला बरेच जास्त युरो कापले जाऊ लागतात तेव्हा माणूस घरी परतून आपल्या कामाला लागलेला असतो. यातही शरमच कामाला येते. "मुलाला सांगू नकोस" म्हणणारे काका घरोघरी आहेत. मला वाटतं सांगावं. मुलाला सांगावं, सोसायटीच्या ग्रुपवर लिहावं, प्रवासी कंपनीच्या माणसाला सांगावं. काकूंनी मुलाला त्याच रात्री सांगितलं असणार अशी माझी खात्री आहे. त्यांचा चेहराच तसा होता.

येत्या मे महिन्यात माझा मामेभाऊ, वहिनी आणि मामी पॅरिसला चालले आहेत. मामी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काठी घेऊन चालते, आणि रस्त्यात भेटेल त्याच्याशी बोलते. तिला मी "कुणाशी बोलू नको" असं सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं, आणि मला ते नकोही आहे. भावाला मात्र फोन करून एकेक गोष्ट लिहून घ्यायला लावली. तुम्ही शुक्रवारी उतरताय, म्हणून आठवड्याच्या पासाच्या फंदात पडू नका. शुक्रवारपासून पुढच्याच आठवड्याचा पास मिळतो. सुटी तिकिटं घ्या, तिघांची तीन कार्डं, मामीचं कार्ड तिच्याच पर्समध्ये. तुझ्या फोनवर तिथलं अधिकृत ॲप आधीच घेऊन ठेव, तिकीट फोनवरही मिळतं, पण एका फोनवर एकाचंच. विमानतळावरून टॅक्सी करायची झाली तर बाहेरच्या रांगेतली कर. भाडं सरकारने ठरवून दिलेलं आहे, 2025 मध्ये शार्ल द गोलपासून सीन नदीच्या उत्तरेला 56 युरो आणि दक्षिणेला 65 होतं. आत येऊन "टॅक्सी, टॅक्सी" विचारतो त्याच्या मागे जाऊ नको. प्रवास संपेपर्यंत कार्ड हाताशी ठेव, बाहेर पडतानाही तपासतात. यंत्रापाशी कुणी मदतीला आलं तर ऐकून घे, आभार मान, पण बटण तू दाब आणि पैसे यंत्रात तूच घाल.

"आणि कुणी मामीची बॅग उचलायला आलं तर?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, जिन्यावर उचलू दे. पॅरिसच्या मेट्रोत बऱ्याच ठिकाणी जिने चढावेच लागतात, आणि तिथली पोरं म्हाताऱ्या माणसांच्या बॅगा खरोखर उचलून देतात. दारापाशी मात्र ती तुझ्या हातात असू दे.